माया ठेवू नकोस

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं इथे ठीक आहोत, तुम्हीही सगळे ठीक असाल. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टर खूश आहेत. बाबा तेवढे खूश नाहीत, कारण आता त्यांना कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दिसायला लागली आहेत आणि मी कामावरून आले की ती मला हात धरून दाखवत फिरतात. उजेड मात्र अजून सोसत नाही. घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसतात आणि बातम्या नुसत्या ऐकतात. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

आता पडद्यांचं. तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "सगळ्या घराला नवे पडदे शिव, तुझ्या हातचे शिव, खर्चाचं मी बघतो." एवढी ओळ मग मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा एकदा वाचली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. या घरात माझ्या पसंतीने आलेली एकही वस्तू नाही. भांडी आईची, खुर्च्या बाबांच्या, कपाट तुझ्या लग्नातलं. आणि पडदे तर आईचे ते मळखाऊ, कुठला रंग म्हणायचा ते तिलाही सांगता आलं नसतं. धुतले काय आणि न धुतले काय, सारखेच. ते काढून टाकायचे आणि त्या जागी मला हवेत ते लावायचे, हे तुला सुचलं याचं मला खरंच कौतुक वाटलं.

पण त्याच्यापुढे तू जे तारे तोडले आहेस ते वाचून डोक्यात तिडीक गेली. उद्यापर्यंत थांबले तर राग शांत होईल, म्हणून आजच लिहायला बसले.

पहिलं म्हणजे रंग. "रंग असा घे की कुणालाही चालेल. शक्यतो दुधी." कुणालाही म्हणजे कुणाला रे? या घरात राहतो आम्ही दोघं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले तुला आवडेल तो घे. राहिले मी, आणि मला दुधी रंग चालत नाही. दुधी पडदे दवाखान्यात असतात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी पांढऱ्या भिंतींपुढे पांढऱ्या पाटीवरची अक्षरं लोकांकडून वाचून घेते, घरी आल्यावर तरी मला दुसरं काही बघू दे.

कापडवाल्याकडे मी एकटीच गेले. तो माणूसही तुझाच भाऊ शोभेल. प्रत्येक ताका गादीवर आपटून उलगडतो आणि म्हणतो, सध्या हेच चालतंय. मी म्हटलं, मला चालतंय का ते बघू द्या. कापड दाराशी नेऊन उन्हात धरायचं म्हटलं तर त्याच्या जिवावर आलं, इथे एवढे दिवे आहेत की म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझ्या घरात सकाळी दिवे लावत नाहीत, सूर्य येतो. शेवटी मीच ताका काखेत मारून उंबऱ्यापर्यंत गेले आणि तो मागून दुसरं टोक धरून आला, रस्त्यावरची माणसं बघत होती. पण बरं झालं. दिव्याखाली जे राखाडी दिसत होतं ते बाहेर निघालं गर्द निळं. ते बाबांच्या खोलीला घेतलं. बाहेरच्या खोलीला दाट पिवळं घेतलं. तुझं दुधी घेतलं नाही.

दुसरं, "अस्तर लावू नकोस, पातळच ठेव, घर अंधारं दिसता कामा नये." घर कुणाला दिसणार आहे? बाबांच्या डोळ्यांत उजेड सुईसारखा टोचतो, त्यांची खिडकी पूर्वेला आहे, आणि तू आठ गावं पलीकडे बसून झिरझिरीत पडदे लावायला सांगतोस. बाबांच्या पडद्यांना जाड अस्तर लागणार. यावर चर्चा नाही.

आणि तिसरं वाचून तर मी पत्र खालीच ठेवलं. "खाली माया ठेवू नकोस, उगाच कापड वाया जातं." दादा, तू आईच्या पोटचाच ना? तुझी शाळेची पँट दरवर्षी तुझ्याबरोबर कशी वाढायची असं तुला वाटतं? आई काठात जास्तीचं कापड दुमडून ठेवायची, तू उंच झालास की उसवून खाली सोडायची, म्हणून तू उघडे घोटे घेऊन शाळेत गेला नाहीस. पडदासुद्धा पहिल्या धुण्यात आटतो. आत माया नसेल तर जमिनीपासून वीतभर वर लटकत राहतो, मग बघणाऱ्याला वाटतं दुसऱ्या कुणाचा मागून आणलाय. एकदाच लावून फोटो काढायचा असेल तर माया नको. मला या पडद्यांसोबत राहायचं आहे. मी चांगली तळहाताएवढी माया ठेवणार आहे आणि ती हाताने शिवणार आहे.

"पडदे झाले की मी येऊन जाईन, एक छोटंसं कामही आहे," असं लिहिलं आहेस. बाबांच्या ऑपरेशनला आला नाहीस, पडद्यांना येतो आहेस. असू दे, ये. बाबा कालपासून शेजाऱ्यांना सांगत सुटले आहेत.

आणि हो, बाबांनी छतातल्या गळतीसाठी परस्पर कुणाला तरी बोलावलं होतं. माणूस आला, ओल सोडून बाकी सगळं बघितलं त्याने. न्हाणीघर बघितलं, गच्चीचा जिना बघितला, खिडकीतून समोरच्या रस्त्यावर गाड्या कुठे लावतात ते विचारलं. मी ओलीचा डाग दाखवला तर म्हणाला, रंग मारला की झाकेल. अशा लोकांना कामं कोण देतं देव जाणे. वर माझा चहा पिऊन गेला.

तुझी,
बारकी

२ मार्च

दादा,

"प्रिय" लिहायला आज हात झाला नाही. नमस्कार मात्र करते, कारण तू माझ्याहून मोठा आहेस आणि त्याला माझा काही इलाज नाही.

पडदे झाले. काल संध्याकाळी सगळे लावून झाले. बाबांनी स्टूल धरलं, मी वर चढले, कड्या दांडीत ओवल्या, चुण्या सारख्या केल्या. निळे पडदे ओढून घेतल्यावर बाबांनी खोलीच्या मधोमध उभं राहून काळा चष्मा काढला. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा. मग त्यांनी वर्तमानपत्र घेतलं आणि मथळे मोठ्याने वाचले, मी समोर होते तरी मलाच वाचून दाखवल्यासारखे. मी इतकी खूश होते की तुला पत्र लिहायला बसणार होते, फार गोड पत्र लिहिलं असतं मी. ते तुझं हुकलं.

आज सकाळी तो गळतीचा माणूस आला. सोबत एक जोडपं. मला वाटलं वरचे साहेब आणले असतील, म्हणून मी त्यांना ओलीच्या डागाकडे न्यायला लागले. पण नवऱ्याने बाहेरच्या खोलीत चपलेची टाच जमिनीवर दोनदा आपटली आणि बायको सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने कपाटाचं दार उघडलं, दादा. माझ्या डब्यांच्या कपाटाचं. गळती कपाटात नाही, असं मी म्हणणार तेवढ्यात ती बाहेरच्या खोलीत परत आली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तिने पिवळ्या पडद्याचा काठ हातात घेतला, उलटा केला आणि आतली शिवण बघितली. नवऱ्याला म्हणाली, बघा, किती माया ठेवली आहे, आणि सगळी हाताने शिवलेली. मी मूर्ख, फुलले. या घरात कुणी शिवण उलटून बघितली नव्हती. मी तिला उत्साहाने सांगत बसले, पहिल्या धुण्यात किती आटेल, मग कुठून उसवायचं, टाके कसे मुद्दाम लांब घातले आहेत. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं,

"पडदे घरासोबतच येणार ना?"

मला कळेना. मी म्हटलं, पडदे कुठे येणार? ते इथेच आहेत. तेव्हा तो गळतीवाला हसत पुढे झाला, म्हणाला हो हो, सगळं धरूनच बोलणं झालं आहे. आणि खुर्चीतून बाबा बोलले. त्या लोकांनी आत पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा बोलले.

"पडदे नाहीत. ते तिने शिवले आहेत. ते ती घेऊन जाईल."

घेऊन जाईल. कुठे, ते नाही म्हणाले.

मी बाबांकडे बघितलं तर त्यांनी काळा चष्मा लावलेला होता. कधी लावला ते मला दिसलं नाही.

पुढचं सगळं मला त्या दलालाकडून कळलं. गळतीवाला नव्हताच तो, तो तुझा दलाल. त्याला खरंच आश्चर्य वाटलं की मला काही माहीत नाही. "ताई, तुमच्या दादांनी सांगितलं नाही?" असं तीन तीनदा विचारत होता. मग त्यानेच सांगितलं. बाबा तुझ्याकडे येणार. घर या जोडप्याला. कागद तयार आहेत, आईचा वाटा तिच्यामागे आपल्याकडे आला म्हणून माझी सही तेवढी बाकी आहे, आणि ती तू या महिन्यात येऊन घेणार आहेस. तेच तुझं छोटंसं काम. माझ्यासाठी एक खोली बघून ठेवली आहे म्हणे. स्वतंत्र आहे, बाजार जवळ आहे. खिडकी एकच आहे पण ताई एकट्याच तर आहेत, असं म्हणाला. एका खिडकीला किती पडदे लागतात रे दादा? इतक्या सगळ्यांचं मी काय करायचं, पांघरायचे?

मी त्या तिघांना जायला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण दार उघडून उभी राहिले. बायको लालेलाल झाली होती. तिचा मला राग नाही, तिला जे सांगितलं तेवढंच तिला ठाऊक. दलालाचा थोडा आहे, माझा चहा पिताना तरी त्याने तोंड उघडायला हवं होतं.

मग मी तुझं ते पत्र काढून पुन्हा वाचलं. आता सगळं नीट लागलं. कुणालाही चालेल असा रंग, म्हणजे येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला. घर अंधारं दिसता कामा नये, म्हणजे बघायला येणाऱ्यांना. आणि माया ठेवू नकोस. कशाला ठेवायची, पहिल्या धुण्याच्या आत घर गेलेलं असणार. तू मूर्खासारखं लिहिलं आहेस असं मला वाटलं होतं. तू अगदी विचार करून लिहिलं होतंस. माझ्याच हाताने मला घर सजवायला लावलंस, गिऱ्हाईक पटवायला, आणि वर "तुझ्या हातचे शिव" असं लिहिलंस. त्या एका ओळीसाठी मी आठवडाभर मान मोडेस्तोवर मशीन चालवलं. मला वाटलं तुला माझी आठवण झाली.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

तुझं काय म्हणणं असेल ते मला पाठ आहे. घर दोघांना मोठं आहे. बाबांचं वय झालं. तू किती दिवस एकटी करणार. भावनेच्या भरात व्यवहार होत नाहीत. यातलं एकेक वाक्य तू माझ्यासमोर बसून म्हणाला असतास तर आपण भांडलो असतो आणि कदाचित मी काही ऐकलंही असतं. बाबांचं वय झालं हे मला तुझ्याहून जास्त माहीत आहे, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालणारी मी आहे. पण तू बोलला नाहीस. पडदे शिवायला सांगितलेस. वहिनीला हे ठाऊक होतं का? असेल तर तिला मी वेगळं पत्र लिहीन. नसेल तर तुझं तू बघून घे.

आता बाबांचं. हे सांगायचं मी मघापासून टाळते आहे. तुझ्यावर रागावणं सोपं आहे, तू लांब आहेस.

ते लोक गेल्यावर बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा केला. साखर दोनदा घातली असावी. कप माझ्यापुढे ठेवून ते समोर बसले. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हापासून. दादाने फोनवर विचारलं, मी हो म्हटलं. मला वाटलं तुला तो सांगेल. त्याला वाटलं मी सांगेन.

मी विचारलं, तुम्हाला जायचं आहे का त्याच्याकडे? त्यांनी कप अजून थोडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, नाही. तिथे सकाळी फिरायला गेलो तर मला नमस्कार कोण करणार?

"मग त्याला नाही का म्हणाला नाहीत?"

"त्याला नाही म्हणायची मला कधी सवयच झाली नाही, बारके. तुला म्हणायची आहे."

असं म्हणाले, दादा. साधेपणाने म्हणाले, जसं मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि खरं आहे ते. मला शिवणकामाच्या वर्गाला दुसऱ्या गावी जायचं होतं तेव्हा नाही. दुकानातल्या त्या बदलीला नाही. खोलीला रंग हवा होता तेव्हाही नाही. दर वेळी नाही ऐकलं आणि दर वेळी मला वाटलं काहीतरी अडचण असेल. अडचण नव्हती, सवय होती. मी त्यांच्यासमोर रडले नाही, कारण त्यांना रडवायचं नव्हतं, डॉक्टरांनी मना केलं आहे. पण आज सबंध दुपार राग जात नाही. तुझ्यावर आहे, त्यांच्यावर आहे, आणि ते निळ्या पडद्याआड झोपले आहेत ना, घोरताहेत शांत, त्याचाही राग येतो आहे. घर द्यायला तयार झालेला माणूस पडद्यांवर अडून बसला आणि त्याला वाटलं आपण मुलीची बाजू घेतली.

तर आता नीट वाच. घर विकायचं नाही. बाबा नाही म्हणाले आहेत, आयुष्यात पहिल्यांदा, मला म्हणाले आहेत पण तुला उद्देशून म्हणाले आहेत. तुला खरं वाटत नसेल तर फोन कर. मी बाहेर जाऊन उभी राहीन, म्हणजे माझ्या दबावाखाली बोलले असं म्हणायला नको. ते पुन्हा हो म्हणतील, मला माहीत आहे. त्याने फरक पडत नाही. ते हो म्हणाले तरी मी नाही म्हणते आहे, आणि मला नाही म्हणायची सवय कुणी लावली नव्हती, ती मी आज लावून घेतली.

या विषयावर आता पडदा टाक असं मात्र लिहू नकोस. पडदे काय ते मी लावले आहेत.

तू ये. खरंच ये. तुझी खोली आहे, तिलाही पडदा आहे, हिरवा, तुला न विचारता घेतला. जेवायला मिळेल, बाबा तुला वर्तमानपत्र वाचून दाखवतील. छोटीला आण, तिला घर बघू दे. पण ते कागद तिकडेच ठेवून ये. आणलेस तर परत नेताना तुझ्याच पिशवीला ओझं.

तुला माझी सही हवी होती. खाली केली आहे. हे नाव तुम्ही सगळे मी पाळण्यात असल्यापासून घेता आणि ते कुठल्याच कचेरीत चालत नाही. कागदावर चालतं ते नाव वेगळं आहे, या घरात त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. ते मी माझ्यापाशी ठेवते.

बारकी